लोटनला कोणी काढलं?

मी बोलतेय, चाळीसगावच्या निंबाच्या सलूनमधली खुर्ची. बसा खुशाल. फक्त हॉकीचं नाव काढू नका, हात जोडते. माझे कान किटलेत.

धुळ्याच्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. डोकं टेकायला मागे फळी, ती वरखाली सरकते. निंबानं मला आगगाडीनं आणलं तेव्हा काय त्याचा तोरा! गिऱ्हाईक उठलं की मला फडक्यानं पुसायचा. आता गादीतून काथ्या बाहेर आलाय, तरी ढुंकून बघत नाही.

तेव्हा गावाला हॉकीचं वेड होतं. संघाचे मॅनेजर मदनशेठ. ते खेळाडूंना आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम द्यायचे आणि करार लिहून घ्यायचे. सगळ्यात भारी खेळाडू लोटन. बाप लहानपणीच गेलेला, घरी एकटी माय.

एका दुपारी शेठ माझ्यावर बसले होते, तोंडाला साबण. निंबा गरम पाणी आणायला गेला, तेवढ्यात लोटन आत आला आणि माझा हात धरून उभा राहिला.

"शेठ, वरणगावना कारखानामा पक्की नोकरी भेटी राहिनी. माले सोडा. पन मीच सोडा म्हनं अस गावले सांगू नका. लोके मायले बोल लावतीन."

शेठ आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "जा बेटा. शेठनं काढलं म्हणून सांग."

वरणगावच्या कारखान्याच्या संघानं लोटनच्या बदल्यात त्यांचा हंगामी कामावरचा गोलकीपर दिला, कौतिक. शेठनी त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याच साली धुळ्याच्या अंतिम सामन्यात कौतिकचा गुडघा गेला आणि आपण चार गोलांनी हरलो. झालं! शेठचं मॅनेजरपद गेलं, आणि माझ्यामागे हा वाद लागला.

दर रविवारी तोच. चुडामणआबा बाकावरून ओरडायचे, "सोनं दिधं नि पितळ लिधं! शेठनी लोटनले इकी टाकं!"

"आनि लंगडाले तीन वरीस पोसं," शेजारी बसलेला सुकदेव म्हणायचा. शेठनी कौतिकला जिनिंगमधल्या कापसाच्या वजनकाट्यावर बसवून करार पाळला होता, तेही पापच ठरलं.

शेठ दाढीला आले की सगळे गप्प. बाकावरचे चौघं एकाच पेपरात तोंड खुपसायचे, नुसता वस्तऱ्याचा आवाज. शेठ पैसे ठेवून निघायचे. पुढे ते यायचेच बंद झाले, निंबाच घरी जाऊन त्यांची दाढी करू लागला.

मला राग यायचा तो लोटनचा. दिवाळीला सुट्टीवर आला की माझ्यावरच बसायचा. लोक त्याला चहा पाजायचे, शेठला शिव्या घालायचे, आणि हा खाली मान घालून चहा प्यायचा. अरे, एक शब्द बोल की बाबा! पण नाही.

आठ वर्षं अशी गेली.

गेल्या महिन्यात, रविवारीच, भर गर्दीत लोटन आला. टोपी काढून बसला.

"निंबाभाऊ, बठ्ठं डोकं भादरी टाक."

निंबाचा हात थांबला. "का रे, माय गयी का?"

"नही. बाप गया."

"तुना बाप तर तू रांगे तवयच गया ना?"

"मदनशेठले आज दहा दिन व्हयनात," लोटन म्हणाला. "त्यासले पोऱ्या नव्हता."

निंबानं डोक्याला पाणी लावलं. केस माझ्या हातांवर पडू लागले, तसा लोटन आरशाकडे बघत बोलला, "त्यासनी माले काढं नही, आबा. मीच हात जोडेल व्हतात."

चुडामणआबा बाकावरून पुढे झुकले. "मंग आठ वरीस तू बोलना कसा नही?"

"तुम्ही बठ्ठा माले चांगलं म्हनेत ना," लोटन म्हणाला.

त्याचं डोकं झालं. तो उठला, तरी बाकावरचं कोणी माझ्यावर यायला तयार होईना. नंबर तर आबांचाच होता.

मी आता दमलेय. निंबा नवी खुर्ची आणतोय म्हणे, आणू दे. मला जळणात घातलं तरी चालेल. जाता जाता एवढंच मागते: तुमच्या गावात असा कोणी मदनशेठ असेल, तर तो दारात आल्यावर पेपर खाली ठेवा. खरं काय झालं ते त्याला विचारा. तो जिवंत आहे तोवर विचारा.