बेथनीबाईंचा वाडगा

मी भाताचा वाडगा बोलतोय. पुरता वाडगाही नाही, वाडग्याचा तुकडा. तळहातावर मावेल एवढा, एका बाजूने धार असलेला. जपून हाताळा, बोट कापेल. आणि गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. गोड बोलणाऱ्यांच्या घरात राहिलोय मी, पुरे झालं.

समुद्राकाठच्या एका जपानी गावात, लहानशा भट्टीत माझा जन्म झाला. चाकावरून उतरवताना कुंभाराला शिंक आली आणि माझी कड कलली ती कललीच. भट्टीतून निघालो तो निळाशार, देखणा, पण तोंड वाकडं. "याला कोण नेणार?" म्हणत कुंभाराने मला मागच्या फळीवर टाकून दिलं. तिथून मला उचललं चिझुरूबाईंनी. त्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "द्या हाच. अमेरिकन बाईला काय कळतंय!"

म्हणजे मी कोणासाठी घेतला जातोय, हे मला त्या फळीवरच समजलं.

चिझुरूबाईंच्या घरात ज्याचा त्याचा वाडगा ठरलेला. नवरा शिगेकी, त्याचा तपकिरी, मोठा. चिझुरूबाईंचा लाल फुलांचा. आणि सासूबाई फुसाए आजींचा त्यांच्या माहेरचा, इतका पातळ की उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायची टाप नव्हती. आल्यागेल्यासाठी पांढरे वाडगे वेगळे. चिझुरूबाई सून म्हणून आल्या, तेव्हा आजींनी त्यांनासुद्धा पहिलं वर्षभर त्या पाहुण्यांच्या वाडग्यातच भात वाढला होता. हे मला त्या लाल वाडग्याने सांगितलं. कपाटात दुसरा उद्योग तरी काय असतो आम्हाला!

बेथनीबाई त्याच शाळेत इंग्रजी बोलायला शिकवायला आलेल्या. अमेरिकेतल्या नेब्रास्काकडच्या, मक्याच्या शेतांतल्या. उंचनिंच, हसल्या की खिडक्या हलाव्यात. मुख्याध्यापकांनी चिझुरूबाईंना सांगितलं होतं, "जरा बघा त्यांच्याकडे, एकट्या आहेत." म्हणून दर गुरुवारी त्या जेवायला यायच्या. तिसऱ्याच महिन्यात आजी म्हणाल्या, "हिला पाहुण्यांच्या वाडग्यात किती दिवस वाढणार? हिचा वाडगा आण."

चिझुरूबाई "हो आई" म्हणाल्या. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हापासून.

मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बेथनीबाई रडल्या हो! "माझा? माझा स्वतःचा?" म्हणाल्या. मला गालाला लावलं. त्या उमाळ्यातच जेवायला बसल्या आणि जेवता जेवता हातातल्या दोन्ही जेवणाच्या काड्या माझ्यातल्या भातात सरळ उभ्या रोवून मिठाची बाटली शोधायला लागल्या.

शिगेकीने मान खाली घातली. आमच्याकडे भातात काड्या उभ्या करतात त्या फक्त मेलेल्या माणसासाठी, उशाशी ठेवायच्या वाडग्यात. चिझुरूबाई हसून म्हणाल्या, "असू दे, असू दे, काही हरकत नाही." आजींनी मात्र बेथनीबाईंच्या हातावर सणकन चापट मारली.

"काढ आधी त्या! मी जिवंत आहे अजून. इतकी घाई आहे का गं तुला?"

बेथनीबाई कानापर्यंत लाल झाल्या. मग आजीच खो खो हसल्या, मग बेथनीबाईही. त्या दिवसापासून दोघींची गट्टी. आजी त्यांना मुळ्याचं लोणचं घालायला शिकवायच्या आणि वर ऐकवायच्या, "मीठ घाल की, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" बेथनीबाई पोट धरून हसायच्या. इतक्या वर्षांत सुनेच्या हातच्या कशालाही आजींनी कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि आता दर गुरुवारी ऐकायला मिळायचं, "बघ, अमेरिका कशी चवीने जेवते!" चिझुरूबाई हसायच्या आणि मला दोनदा घासायच्या. माझी निळाई खरवडून निघेल की काय असं वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात बेथनीबाईंचा करार संपत आला. शाळेने मुदत वाढवून मागितली तर आणखी राहता येणार होतं, आणि मुख्याध्यापक विचारणार होते चिझुरूबाईंनाच. एका गुरुवारी मला विसळता विसळता बेथनीबाई म्हणाल्या, "चिझुरूबाई, मला इथंच राहायचंय. तिकडे माझं असं कोणी उरलं नाही. आई गेली, घर विकलं. इथं आजी आहेत, तुम्ही आहात. सांगाल ना सरांना?"

"अहो, हे काय सांगायला हवं? मी बोलते ना!"

त्यांचं जाणं काय आणि फोन वाजणं काय, एकच गाठ पडली. मी अजून ओलाच होतो, उपडा. चिझुरूबाईंचा आवाज नुसती साखर.

"हो सर. राहायला सांगितलं तर राहतीलही, भिडस्त आहेत. पण घरची ओढ लागलीय हो त्यांना, तोंडाने बोलत नाहीत एवढंच. आपणच मोकळं करावं बिचारीला."

मी वाडगा. मला तोंड आहे, तेही वाकडं, पण बोलता येत नाही. नुसता निथळत राहिलो.

फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना आजी गेल्या. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत संपल्या. आता उशाशी भात ठेवायचा तो गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या वाडग्यात, आणि शवपेटी उंबरा ओलांडताना तोच वाडगा दारात फोडायचा, ही रीत. चिझुरूबाईंनी कपाट उघडलं. आजींच्या त्या पातळ वाडग्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्याला शिवायची परवानगी नव्हती, तो आता त्यांचा होणार होता. तो फोडायचा?

त्यांनी तो मागे सरकवला आणि मला काढलं.

शिगेकीने पाहिलं. "अगं, हा तर…"

"बेथनीबाई मार्चमध्ये जाणारच आहेत," चिझुरूबाई म्हणाल्या. शिगेकी गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही.

माझ्यात भाताचा डोंगर रचला आणि त्यात दोन काड्या उभ्या रोवल्या. बेथनीबाई उसन्या काळ्या कपड्यांत आल्या, आजींच्या उशाशी मला पाहिलं आणि हुंदका फुटला त्यांना. त्यांनी चिझुरूबाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही माझा वाडगा दिलात आजींना! किती मन मोठं तुमचं!"

"त्यात काय एवढं," चिझुरूबाई म्हणाल्या, आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी पेटी निघाली. चिझुरूबाईंनी मला दारातल्या दगडावर आपटलं. दुखलं का, असं विचारू नका. मला दुखलं ते नंतर. बेथनीबाई दचकून पुढे आल्या. शेजारच्या तोमोए काकूंना विचारलं, "का फोडला?"

"अगं, तो गेलेल्याचाच असतो," काकू म्हणाल्या. "आपला वाडगा फुटला की त्याला कळतं, इथं आता आपल्या वाटणीचा भात नाही. मग तो परत फिरकत नाही."

"पण हा आजींचा नव्हता. माझा होता."

काकूंनी एकदा माझ्या तुकड्यांकडे पाहिलं, एकदा चिझुरूबाईंकडे, आणि छत्री नीट करायला लागल्या. तेवढ्यात मुख्याध्यापक आले, वाकून म्हणाले, "बेथनीबाई, वाईट झालं. पण आता तुम्हालाही घरी जायला मिळेल. चिझुरूबाईंनी सांगितलं आम्हाला, किती ओढ लागलीय तुम्हाला."

बेथनीबाई खाली बसल्या आणि वाकड्या कडेचा हा मोठा तुकडा, म्हणजे मी, उचलून कोटाच्या खिशात घातला. खिशात त्यांची मूठ माझ्यावर इतकी आवळली की रक्त आलं. ते गरम होतं. तितकं गरम माझ्यात कधी भातही वाढला गेला नव्हता.

मार्चअखेर त्या निरोपाला आल्या. चिझुरूबाईंनी मासळी केली, लोणचं काढलं आणि भात वाढला पाहुण्यांच्या पांढऱ्या वाडग्यात. बेथनीबाई शीत न् शीत जेवल्या. काड्या नीट आडव्या ठेवल्या. मग "मी ठेवते" म्हणून भांडी उचलली आणि कपाटात, आजींच्या वाडग्याला लागून, खिशातून काढून मला ठेवलं. पूर्वी असायचो तिथंच.

दारात चिझुरूबाई कमरेत वाकल्या. "परत या हं, नक्की."

बेथनीबाईही वाकल्या, अगदी तेवढ्याच. आवाजही तोच, साखरेचा. "कशी येणार चिझुरूबाई? माझा वाडगा तुम्ही फोडलात ना. फुटला नाही तो फक्त आजींचा."

आणि त्या गेल्या. खिडक्या हलवणारं ते हसू पुन्हा काही या घरात ऐकू आलं नाही.

आता मी इथं पडून आहे. चिझुरूबाई रोज संध्याकाळी कपाट उघडतात. तो पातळ वाडगा काढतात, पुसतात, त्यात स्वतःसाठी भात वाढतात. मग जिन्यावर लाकूड करकरतं, आणि त्या मागे वळून पाहतात. भात पातेल्यात परत जातो आणि वाडगा कपाटात. शिगेकी म्हणतो, "लाकूडच आहे गं, थंडीने वाजतं." त्या मान हलवतात आणि आपल्या लाल फुलांच्या वाडग्यात दोन घास कसेबसे गिळतात.

मला फेकायची त्यांची हिंमत होत नाही. मला हात लावला की त्यांचं बोट कापतं.

चिझुरूबाई, एक विनवणी आहे. मला टाका कचऱ्यात, मी कुरकुर करणार नाही. पण तो पातळ वाडगा एकदा भरून टेबलावर ठेवून बघा, आजींच्या जागी. जेवायला कोणी तरी बसतंय, हे तुम्हाला माझ्या आधीच कळलंय.