उलट्या वळणाच्या गाठी

मोती ओवून देणं हा माझा धंदा, त्यामुळे मोत्यांच्या गोष्टी ऐकून कान किटलेत. कुठे ते चंद्राचे थेंब, म्हणून नवरीला हवेतच. कुठे समुद्राचे अश्रू, म्हणून नवरीला नकोतच. मोत्याला यातलं काही ठाऊक नसतं.

परवा एक बाई आईची माळ घेऊन आल्या. "दोरा मळलाय, नवा घाला. आणि मोती म्हणजे अश्रू, हे खरं का हो?"

"शिंपल्यात गेलेला कचरा असतो तो," मी म्हणालो आणि भिंग लावलं.

मोती एकमेकांवर घासू नयेत म्हणून दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारतात. या माळेतल्या गाठी उलट्या वळणाच्या होत्या. माझी बायको डावखुरी, तशा गाठी तिच्याच. ती गेल्यावर तिने ओवलेल्या माळा दोरा बदलायला येत राहिल्या आणि तिच्या गाठी मीच कापत गेलो. हल्ली मात्र बऱ्याच दिवसांत एकही आली नव्हती.

"संध्याकाळपर्यंत होईल ना?" बाईंनी विचारलं.

काम तासाभराचं.

"महिना लागेल," मी म्हणालो.