सदतिसावी रांग

वसुंधरा टॉकीजमध्ये ‘निळी रिबन’ हा सिनेमा सदतीस वर्षं चालू आहे, आणि दर वर्षी थिएटरची एक रांग वाढते. रांगा मागच्या बाजूने वाढतात. मागची भिंत आधी सायकल स्टँडवर सरकली, मग चहाच्या गाड्यापर्यंत आली, आणि गेल्या दिवाळीपासून ती आमच्या दारासमोर आहे. आमच्या विट्यात कुणी तक्रार केली नाही. दुपारी भिंतीला टेकून बसलं की सिनेमातल्या मुलीचं हसू पाठीला जाणवतं. गल्लीतल्या बायका शेंगा फोडताना तेवढ्यापुरत्या थांबतात.

मी मात्र आत कधी गेले नव्हते. आमचे हे, विश्वंभर, दर सोमवारी जायचे. ते यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर आहेत, सोमवारी माग बंद असतात. सिनेमा लागला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी ते म्हणाले, “चल, दाखवतो.” मी म्हणाले, “मला नको.” का नको, ते त्यांनी विचारलं नाही. तिथं त्यांच्या शेजारी कोण बसतं, ते मीही विचारलं नाही. सव्वीस वर्षं सोमवारी जेवण लवकर वाढलं, एवढंच.

या सोमवारी ते परत आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. गुरुवारी आमच्या मीनलच्या लग्नाची सुपारी होती, पाहुणे साताऱ्याहून यायचे होते, आणि सुपारीला बाप लागतो. बुधवारी बाराच्या खेळाला मी आणि मीनल समोरच्या भिंतीतल्या दारातून आत गेलो.

डोअरकीपर इनामदार स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“विश्वंभर जॉबर कुठं बसतात?” मी विचारलं.

“सदतिसाव्या रांगेत. पडद्याला लागून.”

“बोलवून आणाल का?”

“तुम्हालाच जावं लागेल. इथून पुढं एका रांगेला एक वर्ष कमी होतं.”

“आणि परत येताना?”

“परत येताना मिळतं की. फक्त यावंसं वाटलं पाहिजे.”

मीनल रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिने लगेच ठरवलं. “मला चोवीस वर्षं दहा महिने झालेत. विसाव्या रांगेपर्यंत येते. तिथून हाक मारू. पप्पांना ऐकायला कमी येतं, इथून ओरडून उपयोग नाही.”

आम्ही चालायला लागलो. रांगांना डावीकडे शेवट नव्हता आणि उजवीकडेही नव्हता. जिथपर्यंत पडद्याचा उजेड पोचत होता तिथपर्यंत चेहरे होते, आणि प्रत्येक चेहरा वर उचललेला होता. आमच्या बँकेतला शिपाई होता. माझ्या बाळंतपणाला आलेली नर्स होती. कुणी खोकत नव्हतं. इतकी माणसं इतकी गप्प मी कधीच पाहिली नव्हती. पाचव्या रांगेत माझ्या गुडघ्याची कळ गेली. सातव्या रांगेत चष्म्यातून अंधुक दिसायला लागलं, म्हणून तो काढून हातात धरला.

आठव्या रांगेत मीनल सोळा वर्षांची झाली आणि थांबली.

पडद्यावर शाळेच्या मागची हापशी होती. मुलगा हापसत होता, मुलगी बाटली भरत होती. बाटली कधीच भरली होती आणि पाणी तिच्या हातावरून सांडत होतं. तो हापसायचा थांबत नव्हता, ती बाटली काढत नव्हती. मग मुलाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सगळ्या रांगांमधली सगळी माणसं एकदम पुढे झुकली. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. शाळेची घंटा वाजली, मुलगी निघून गेली, आणि माणसं पुन्हा मागे टेकली. कुणीही नाराज दिसत नव्हतं.

“चल,” मी म्हणाले.

“थांब ना आई. तो आता बोलेल.”

“तो सदतीस वर्षं बोललेला नाही.”

“आज बोलेल,” मीनल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. घरी ती या सिनेमाला रडका सिनेमा म्हणायची. ती जवळच्या रिकाम्या खुर्चीत बसायला लागली. सोळा वर्षांच्या पोरीला अंधारात एकटी कशी सोडणार? मी तिचं मनगट धरलं आणि पुढे नेलं. चौदाव्या रांगेत तिला दोन वेण्या आल्या. अठराव्या रांगेत पाय दुखतात म्हणाली. विसाव्या रांगेत ती चार वर्षांची होती, आणि मी तिला कडेवर घेतलं. वजन ओळखीचं होतं.

तिथून हे दिसले. बारीक मान, तेल लावून चापून बसवलेले केस, उजेडात तांबडे दिसणारे कान.

“अहो,” मी हाक मारली.

कुणी वळलं नाही. पुढच्या रांगांमध्ये कुणी कुणाचे अहो नव्हते.

त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल टाकून जागा धरली होती. मला तो रुमाल नीट बघायचा होता, म्हणून मी आणखी पुढे गेले. एकविसावी, बाविसावी. मीनलचे शब्द कमी होत गेले. “पप्पा” उरला, मग “बा” उरला. चोविसाव्या रांगेत ती दहा महिन्यांची झाली आणि माझ्या पदराशी खेळायला लागली. मी अठ्ठावीस वर्षांची होते. गुरुवारी काहीतरी होतं, ते मला आठवेना. घरचं माणूस न्यायला आलोय, एवढं लक्षात होतं.

मी त्याला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच.

“विश्वंभर.”

त्याने लगेच वळून पाहिलं. त्याचे कान चांगले होते. त्याने मला पाहिलं, कडेवरच्या बाळाला पाहिलं.

“बाई, खाली बसा की. मागच्यांना दिसत नाही.”

“ती जागा कुणाची आहे?” मी विचारलं.

“येणार आहे.”

“कोण?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “पण येणार आहे. मी धरून ठेवलीय.” आणि तो पुन्हा पडद्याकडे वळला.

मी खाली बसले. त्याच्या आणि माझ्यामध्ये तेरा रांगा होत्या. त्या मी दोन मिनिटांत चालून गेले असते. इथून तिसऱ्या रांगेत माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र गेलं असतं. त्याच्याही आधी, पुढच्याच रांगेत, मीनल गेली असती. मी तिला घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्याकडे बसून नीट पाहिलं.

पडदा इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. मुलीची एक पापणी आमच्या गल्लीएवढी लांब होती, आणि ती मिटली की हजारो माणसांवर सावली पडत होती. शाळा संपली होती. मुलगी एसटीच्या खिडकीत बसली होती, मुलगा खाली उभा राहून खिडकीची दांडी धरून होता. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. तो गाडीबरोबर चालायला लागला, मग धावायला लागला, आणि धावता धावता त्याने तोंड उघडलं. मला कळलं की आज तो बोलणार. मागच्या साऱ्या रांगांना ते कळलं. मी दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली आणि सगळ्यांबरोबर पुढे झुकले.

मग मांडी हलकी वाटली.

मी खाली वाकून पाहिलं. मीनल खुर्चीखालून रांगत होती. तिचे गुडघे माझ्या रांगेत होते आणि उजवा हात पुढच्या रांगेच्या फरशीवर पडत होता. तेरा रांगा पुढे, त्या सगळ्या थिएटरमध्ये एकट्यानेच पडद्यावरून नजर काढून, विश्वंभर, पायाला कुणी हात लावल्यासारखा, वाकून आपल्या खुर्चीखाली बघत होता.