किनारीचा पिवळा दोरा

समज बाळा, तू दवाखान्यातल्या लांब बाकावर बसली आहेस, आणि शेजारी तुझी आई खिडकीचा पडदा चिमटीत धरून उजेडात न्याहाळते आहे. बाकावरच्या बाकीच्या बायका एकमेकींची नजर चुकवताहेत. तुझी आई मात्र खुशाल मान हलवते.

"हा माल ज्यानं पास केला, तो डुलक्या काढत असणार. तीन धागे सुटलेत."

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. कळेल त्यांनाही, कापड कसं बघायचं ते."

या गोष्टीतल्या मुलीला अगदी असंच ओशाळल्यासारखं झालं होतं. ती दहा वर्षांची. खरं तर आईबरोबर मावशी यायची होती, पण तिला ऐनवेळी रजा मिळाली नाही.

आई कापडाच्या कारखान्यात तपासणीला होती. तिथं तिरक्या काचेखाली दिवा असतो, काचेवरून कापड सरकत राहतं आणि आई डोळ्यांत तेल घालून उभी असते. सुटलेला धागा, डाग, काहीही दिसलं की यंत्र थांबवायचं आणि त्या दोषाच्या अगदी समोर, कापडाच्या किनारीला पिवळा दोरा बांधायचा. बस्स. नखानं खरवडायचं नाही, 'धुण्यात जाईल' म्हणून सोडायचं नाही. बरं की वाईट, ते पुढच्या टेबलावरची बाई ठरवणार.

सुट्टीत मुलगी तिथं जाऊन बसे, तेव्हा आई तिला सांगायची, "निम्म्या दोऱ्यांशी नुसता कापूस निघतो गं, झटकला की गेला. पण दोरा बांधलेलं ठाण पुढच्या टेबलावर गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. मालक आला तरी नाही."

आईचा नंबर पुकारला. आत डॉक्टरबाईंनी आईला पडद्यापलीकडे नेलं. मुलगी अलीकडच्या स्टुलावर पाय हलवत बसली.

"ही गाठ केव्हापासून लागतेय हाताला?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

मुलीचे पाय थांबले. आईनं तिला डाव्या कुशीत घेतल्याला तीन महिने होऊन गेले होते. 'इकडून ये गं, या बाजूला,' असं आई म्हणायची. मुलीला वाटलं होतं, खांदा दुखत असेल.

"तीन महिने," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली.



"हे कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आमच्या तपासनीस बाई."

"मग मी कोणाचं लिहू?"

"तिचं लिहा," आई म्हणाली. "दुखत नव्हती हो. वाटलं, जाईल आपोआप."

डॉक्टरबाई पडदा सारून टेबलाशी आल्या आणि सकाळच्या सोनोग्राफीचा कागद त्यांनी पुन्हा वाचला. "गाठ आहे. कसली, ते नुसतं हातानं किंवा यावरून सांगता येत नाही. जागा बधिर करून सुईनं छोटासा तुकडा काढू, आजच. रिपोर्ट सहा दिवसांनी. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते मी अंदाजानं म्हणणार नाही."

"पुढच्या आठवड्यात चालेल? मोठा माल निघायचाय."

"चालेल असं मी सांगणार नाही. बाहेर बसा, विचार करा. मी तासभर आहे."

बाहेर येऊन आईनं कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि पिशवीत कोंबली.

"चल, बस मिळेल अजून."

"आणि सुई?"

"येऊ गं. काही नसेल ते. कापूस असेल."

मुलीनं पिशवी ओढून घेतली. तळाशी पिवळ्या दोऱ्याचं रीळ आणि चिमुकली कात्री असायचीच. तिनं वीतभर दोरा कापला, आईच्या स्वेटरच्या डाव्या काठावर वरून दुसरं काज शोधलं, दोरा त्यातून ओवला आणि शिकवल्याप्रमाणे दोन वेढे देऊन आवळला.

"हे काय चाललंय?"

मुलीनं रीळ पिशवीत टाकलं.

आईचा हात दोऱ्याकडे गेला. सोळा वर्षांत तिनं असे हजारो दोरे बांधले होते, सोडला मात्र एकही नव्हता. ते तिचं टेबल नव्हतं. मघाशी पडदा धरला होता तसा तिनं तो दोरा चिमटीत धरून न्याहाळला.

"मोठी आलीस मला शिकवणारी," ती शेवटी म्हणाली. "घट्ट बांधलास?"

"दोन वेढे."

"हं." आईनं पिशवीतून कागद काढला, बाकावर ठेवून हातानं सपाट केला आणि जाऊन पुन्हा ते दार वाजवलं.

पाऊण तासानं ती बाहेर आली. डावा हात अंगाशी धरलेला, स्वेटर नुसता खांद्यांवर टाकलेला.

"दुखलं?"

"मुंगी चावल्यासारखं. तुझा हट्ट त्याहून जास्त टोचतो."

मुलगी हसली आणि तिनं कात्री उघडली. "मग आता कापू दोरा?"

आईनं मान खाली घालून दोऱ्याकडे पाहिलं. "निकाल कुठं लागलाय अजून? सहा दिवस आहेत."

मुलीनं कात्री मिटली, पिशवीच्या तळाशी ठेवली, पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि कुणी न सांगता आईच्या उजव्या बाजूला येऊन तिचा हात धरला.