केसभर मागे

विश्वासरावांनी एकतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि त्यातली निदान वीस वर्षं लोक त्यांना हातांपेक्षा कानांसाठी बोलवायचे. ते बॉनेट उघडायचे, मान किंचित कलती करायचे आणि सांगायचे, "तिसरा सिलिंडर." बहुतेक वेळा तिसराच निघायचा.

निवृत्तीनंतर बसवनगुडीतल्या घरी त्यांच्याकडे एकच इंजिन उरलं होतं, वडिलांनी १९७४ साली घेतलेल्या राखाडी मोटारीचं. तिचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरात ठिणगी नेमकी कधी पडायची ते, विश्वासराव कानानंच लावत. इंजिन चालू ठेवून ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हातानं थोडाथोडा फिरवायचा, आवाज भरदार झाला की बोल्ट आवळायचा. बल्ब जोडून टायमिंग बघणाऱ्यांना ते शिकाऊ म्हणत.

गेल्या काही महिन्यांत मात्र गाडीचं बिनसलं होतं. चढावर दम टाकायची, भराभर तापायची. विश्वासराव दर रविवारी टायमिंग नव्यानं लावत आणि सोमवारी ती जास्तच रुसलेली असे.

एका शनिवारी सकाळी ते बायकोला, राजलक्ष्मीबाईंना, घेऊन मल्लेश्वरमला एका बारशाला निघाले. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू विद्याताईंनाही तिकडेच जायचं होतं. त्या मूळच्या पुण्याच्या, सरकारी प्रयोगशाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. बुल टेंपल रोडचा चढ लागला आणि त्यांनी मागच्या सीटवरून विचारलं, "अण्णा, हे काय वाजतंय?"

"कुठं काय वाजतंय?"

"इंजिनमधून. डब्यात खिळे हलवल्यासारखं."

विश्वासरावांनी कान दिला. खोल घरघर ऐकू आली, नेहमीची, उलट जरा जोमदारच. "काही नाही हो. जुनी गाडी आहे," ते म्हणाले. राजलक्ष्मीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

चढ संपायच्या आत गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. दोन रिक्षावाल्यांनी खाली उतरून ती कडेला ढकलली, विद्याताई त्यांच्यातल्याच एका रिक्षातून पुढं गेल्या, आणि इंजिन निवल्यावर नवराबायको गुपचूप घरी परतले.

अंगणात गाडी लावून विश्वासराव तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"राजी, तुला ऐकू आलं ते? खिळ्यांसारखं?"

"आलं."

"आज?"

"गौरी-गणपतीपासून येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कान लावून टायमिंग बसवणार, आणि मी सांगू, चुकलं म्हणून?" त्या त्यांच्याकडे वळल्या. "गेल्या पावसाळ्यात तुम्ही म्हणालात, यंदा रातकिडे कमी झालेत."

"झालेच होते की."

"नव्हते झाले. भरपूर होते."

जेवण झाल्यावर विश्वासरावांनी कपाटातून एक छोटा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि बॉनेट उघडलं. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. बल्बची एक वायर कॉइलला, दुसरी बॉडीला.

"हँडल फिरवशील? अगदी स्वल्प स्वल्प."

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण या इंजिनाला राजलक्ष्मीबाईंचा हात कधी लागला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि पुढचं हँडल धरलं. विश्वासराव वाकून पुलीवरची खूण बघू लागले. खूण ठरल्या जागी यायला आणि बल्ब पेटायला एकच वेळ साधली पाहिजे.

बल्ब पेटला. खूण अजून चांगली अर्धा इंच लांब होती.

"पुन्हा फिरव."

पुन्हा तेच. ठिणगी फारच लवकर पडत होती. इंजिन किणकिणून ओरडत होतं आणि नेमका तेवढा बारीक आवाज त्यांच्या कानातून गेलेला होता. उरलेला भरदार आवाज ऐकून ते दर रविवारी ठिणगी आणखी पुढं ओढत होते.

"मीच मारत होतो तिला," ते हळूच म्हणाले.

"मेली नाही ना अजून? सरी, ठीक आहे, आता काय करायचं ते सांगा," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

त्यांनी खूण जागेवर आणून दिली. विश्वासरावांनी डिस्ट्रिब्युटर फिरवत नेला, बल्ब पेटला त्या क्षणी थांबले आणि बोल्ट आवळला.

संध्याकाळी दोघं पुन्हा त्याच चढावर आले. खरी परीक्षा चढावरच होते.

"येतोय का आवाज?"

"येतोय. पण कमी. पैंजणासारखा."

गाडी कडेला घेऊन त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतला. वळसा घालून पुन्हा चढ.

"आता?"

"वरच्या वळणावर एकदाच आला."

आणखी केसभर. तिसऱ्या खेपेला राजलक्ष्मीबाईंनी डोळे मिटून घेतले. गाडी चढाच्या माथ्यावर पोचली, तापमानाचा काटा मध्यावरच होता, आणि त्या अजून डोळे मिटूनच बसलेल्या.

"अगं, सांग तरी!"

"काही नाही. सरळ चाललीय."

"नक्की?"

"मला विचारताय की तपासताय?"

विश्वासराव मोठ्यानं हसले. मग जरा वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आणखी काय काय ऐकू येतं तुला?"

"मागच्या डाव्या दाराची कडी खुळखुळते. दोन वर्षं झाली."

"बरं. आणि?"

"गिअर टाकताना तुम्ही दात खाता."

"ते इंजिनात येत नाही."

"ऐकू तर येतं."

घराचं वळण आलं तसं त्यांनी ते मागं टाकलं आणि काही काम नसताना गाडी जयनगरकडं घेतली. राजलक्ष्मीबाईंनी काच खाली केली आणि कान बाहेर देऊन बसल्या.