सुलाबाईची बाजू

जीवनरावांनी पिशवीतून बाटली काढली आणि द्राक्षांच्या ओळीत, औषधाच्या बादलीशेजारी ठेवली. लंकाबाईने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हातातला मग पुढच्या घडाखाली नेला. घड औषधात बुडाला, वर आला, निथळला.

"दारू हाय का?"

"वाइन आहे, मावशी. याच बागेतल्या द्राक्षांची. पहिलं बक्षीस मिळालं तिला."

"बरं झालं," म्हणून लंकाबाईने पुढचा घड धरला.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर दीड वर्षात जीवनरावांची बायको गेली, आणि वेळ खायला उठला म्हणून ते घरीच वाइन करू लागले. मुलगी मंजुषा रविवारी फोन करी, जेवलात का विचारी. हो म्हटलं की बोलणं संपे. पहिली तीन वर्षं जे तयार झालं ते शत्रूलाही पाजलं नसतं. चौथ्या वर्षी मात्र अशी गडद वाइन उतरली, की हौशी वाइनवाल्यांच्या मेळ्यात परीक्षकाने दुसऱ्यांदा पेला पुढे केला. तेव्हापासून रोज कुणाचा ना कुणाचा फोन येई. काय घातलंत, पुढच्या वर्षीही अशीच होणार ना? एकट्या माणसाला आणखी काय हवं असतं! हे फोन थांबू नयेत, एवढंच त्यांना वाटे.

खरं तर त्यांनी वेगळं काहीच घातलं नव्हतं. सगळी करामत द्राक्षांची होती. बारीक, जाड सालीची काळी द्राक्षं. बागमालक महेशने बाजारात चालणार नाहीत म्हणून देऊन टाकलेली.

"औषधात बुडवल्याशिवाय मणी फुगत नाही, काका," महेश म्हणाला होता. "या बाईने आठही ओळींची एकेक बाजू कोरडीच सोडली. यंदा चुकली तर कामावरून काढणार होतो. पण तुम्हाला तशीच हवीत, तर ती बाजू यंदाही कोरडीच ठेव म्हणावं तिला."

तेवढाच निरोप द्यायचा होता. पण जीवनरावांनी आधी विचारलं,

"मावशी, गेल्या साली ती बाजू कशी हो राहिली?"

लंकाबाईचा हात थांबला.

"एका वळीला दोन बाया लागत्यात. अलीकडं एक, पलीकडं एक. बावीस वर्सं पलीकडं आमची सुलाबाई व्हती. बोलता बोलता वळ कवा सरायची, कळायचं नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "गेल्या सालच्या दिवाळीआधी ती गेली. शेठ म्हनला, दोन्ही बाजू तूच कर. मी व्हय म्हनले. पन माझी बाजू झाली का वळ झाली, असंच वाटायचं. पलीकडची सुलाची ना!"

जीवनरावांना घरचा पलंग आठवला. अजूनही ते भिंतीकडच्या अर्ध्यातच झोपत.

"यंदा नाय चुकायची," लंकाबाई म्हणाली. "एक बाजू झाली का वाकून पलीकडं जाते. तिकडं कुनी नाय, ते बघतच जाते."

निरोप ओठांवर आला होता. ती बाजू राहू द्या, मावशी. एवढं म्हटलं की पुढच्या वर्षीची वाइन पक्की होती, आणि पलीकडे तसंच कुणी नसणार होतं.

जीवनराव खाली वाकले आणि कंबर धरत तारांखालून पलीकडे गेले.

"दुसरा मग आहे का?"

लंकाबाईने दुसरा मग भरून वेलीतून पुढे केला.

पहिला घड त्यांनी अर्धाच बुडवला.

"पुरता बुडू द्या, सायेब. न्हायतर वरचे मनी बारीक राहतील."

त्यांनी तो पुन्हा धरला आणि देठापर्यंत बुडवला. वाइनचं काय होणार ते त्यांना कळत होतं. ते पुढच्या घडाकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या.

पानांच्या पलीकडून लंकाबाई म्हणाली, "बोला की कायतरी. मुक्यानं वळ सरत नाय."