प्रबुद्ध महाराजांचा कापूस

आमच्या आंजी गावाच्या चौकात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रभाकर महाराज कौल देणार होते. आमचे महाराज साधेसुधे बाबा नव्हेत बरं का! त्यांनी गावातली दारू बंद केली, वाचनालय काढलं, हुंड्याला बंदी घातली, आणि तेही एका हुकुमात. मी शाळेत इतिहास शिकवतो. प्रशियाचा फ्रेडरिक, ऑस्ट्रियाचा जोसेफ हे असेच राजे. विचार नवे, सुधारणा चांगल्या, पण शब्द चालायचा तो त्यांचाच. महाराजांच्या सत्कारात मीच त्यांना 'आपले प्रबुद्ध राजे' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ते शब्द त्यांच्या फलकावर झळकले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"खूब प्रश्न इचारा! विज्ञानाचं युग हाये," महाराज गरजले. "पण कौल झाला का चूप."

डोमाजी पुढे झाला. त्याच्या लेकीला, काजलला, वर्ध्याला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि प्रवेशाचा आजचा शेवटचा दिवस होता. कापूस तरंगला तर जायचं, बुडाला तर नाही. महाराजांनी झोळीतून चिमूटभर कापूस काढून परातीतल्या पाण्यात सोडला. तो बघता बघता तळाला गेला.

"पोरगी गावातच राहीन, वाचनालय सांभाळीन," महाराज म्हणाले. डोमाजीनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं, तरी सगळ्यांबरोबर मीही हात जोडले.

"महाराज, प्रश्न इचारू?" काजल म्हणाली. 'खूब प्रश्न इचारा' म्हणणारे महाराज सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

ती धावत घरी गेली आणि मूठभर कापूस घेऊन आली. सरकी काढून तिनं तो पाण्यावर ठेवला. तो मजेत तरंगत राहिला.

"हा आमच्या वावरातला. याले जन्माचा तेलकटपणा असते, पाणी पीत नाई. तुमचा मेडिकलातला हाये, जखमेवर लावाचा. त्याचा तेलकटपणा धुऊन काढते, म्हणून तो पाणी पिते न बुडते. पाहा ना, एक काडी-कचरा नाई त्यात!"

कोणीतरी झोळी उलटी केली. एका खणात शेतातला कापूस, दुसऱ्यात दवाखान्यातला. जन्मभर कापूस वेचणारं गाव कापसानंच फसलं होतं! सगळ्यांना हसू फुटलं.

"पण म्या गावाचं भलंच केलं ना?" महाराज पुटपुटले.

"केलंत," शेवटी मी तोंड उघडलं. "मग कारण सांगून करायचं होतं. झोळी कशाला?"

काजल माझ्याकडे वळली. "सर, तुमच्या त्या राजायले कोणी झोळी दाखवा म्हणे का?"

मी नकारार्थी मान हलवली. एवढंच सांगतो, भलं करणाऱ्याचीही झोळी तपासावी. खऱ्याला त्याचा राग येत नाही.

डोमाजीनं सवयीनं महाराजांकडे पाहिलं आणि मग लेकीकडे.

"बेटा, तुले जायचं हाये का?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"हो, बाबा."

"मंग चाल लवकर. दहाची बस हाये."